लॉनला हुमणी आणि परसात कोंबड्या: दोन्ही सांभाळण्याची पद्धत

पावसाळा सरता सरता लॉनचा एखादा पट्टा पिवळा पडू लागतो, पाणी वाढवूनही तो हिरवा होत नाही, आणि एके दिवशी ते गवत हाताने उचलून पाहिले तर गोधडी गुंडाळावी तसे मुळांशिवाय वर येते. खाली मातीत पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या, अर्धचंद्रासारख्या वळलेल्या अळ्या दिसतात. ऊस आणि भुईमूग करणाऱ्या शेतकऱ्याला ही हुमणी चांगलीच परिचयाची आहे. शेताला लागून बंगला बांधून पुढे हिरवळ आणि मागे आठ-दहा गावरान कोंबड्या ठेवणाऱ्या नव्या माणसाला मात्र ती पहिल्यांदा भेटते तेव्हा तो घाबरून थेट कृषी सेवा केंद्रात जातो आणि दाणेदार औषधाची पिशवी घेऊन येतो. हा लेख त्या माणसासाठी आहे, आणि त्याने ती पिशवी आणण्याआधी तो वाचावा अशी अपेक्षा आहे. कोंबड्या असलेल्या घरी हुमणीचा बंदोबस्त औषधाच्या नावावरून ठरत नाही, तो महिन्यावरून ठरतो. कोणत्या महिन्यात ही कीड जमिनीत किती खोल आहे हे कळले की काय करायचे आणि कोंबड्यांना कधी आत सोडायचे, हे जवळजवळ आपोआप कळते.

आधी कीड ओळखावी

पिवळा पट्टा म्हणजे हुमणीच असे नाही. पाणी कमी पडणे, कुत्र्याचे मूत्र, बुरशी आणि वाळवी यांनीही तसेच डाग पडतात. त्यामुळे पहिले काम म्हणजे खणून पाहणे. पिवळ्या आणि हिरव्या भागाच्या सीमेवर एक फूट लांब, एक फूट रुंद चौकोन आखावा, कुदळीने तीन बाजूंनी दोन इंच खोल कापावा आणि चौथ्या बाजूवर दुमडून गवताची चकती उलटवावी. खालची माती खुरप्याने चार ते सहा इंचांपर्यंत मोकळी करून अळ्या मोजाव्यात. लॉनच्या चार-पाच ठिकाणी असेच पाहावे, कारण हुमणी सर्वत्र सारखी नसते. एका कोपऱ्यात गर्दी आणि दुसरीकडे शून्य, असे हमखास असते. गवत जोमदार असेल तर चौरस फुटात दोन-तीन अळ्या ते सहज सोसते आणि तिथे काहीही करू नये असे माझे मत आहे. पाच-सहाच्या पुढे आकडा गेला की हात घालावा लागतो.

सापडलेली प्रत्येक पांढरी अळी मुळे खाणारी नसते, ही गोष्ट नवख्यांनी विशेष लक्षात ठेवावी. शेणखताच्या खड्ड्यात किंवा कंपोस्टमध्ये मिळणाऱ्या बोटाएवढ्या जाड अळ्या बहुधा गेंड्या भुंग्याच्या असतात आणि त्या कुजलेल्या पदार्थांवर जगतात. आणखी एक सोपी परीक्षा आहे. अळी सपाट फरशीवर ठेवावी. ती पाठीवर उलटी होऊन पाठीनेच सरपटू लागली, तर ती फुलभुंग्यांच्या कुळातील असून तुमच्या लॉनची शत्रू नाही. हुमणी तशी चालत नाही, ती कुशीवर वळून पडून राहते.

गवताची पाने कुरतडलेली असतील आणि मुळे शाबूत असतील तर शंका लष्करी अळीवर किंवा कटवर्मवर घ्यावी. त्यासाठी बादलीभर पाण्यात दोन-तीन चमचे भांडी घासण्याचा द्रव साबण मिसळून ते पाणी साधारण एक चौरस मीटर जागेवर ओतावे. दहा मिनिटांत अळ्या तडफडत वर येतात. हुमणी या साबणाच्या पाण्याने वर येत नाही, तिला खणूनच शोधावे लागते. मातीचे पापुद्रे आणि पोखरलेले वाळके गवत दिसले तर ती वाळवी. ती कोंबड्यांपुढे, विशेषतः पिल्लांपुढे टाकली तर काही मिनिटांत संपते, आणि तिच्यासाठी बहुधा एवढे पुरते.

हुमणीचे वर्ष

महाराष्ट्रात सर्वाधिक आढळणारी हुमणी होलोट्रॅकिया सेराटा या भुंगेऱ्याची आहे. कृष्णा, पंचगंगा यांच्या काठच्या जमिनींत ल्युकोफोलिस नावाची दुसरी जात सापडते. पहिल्या जातीची वर्षाला एकच पिढी होते, आणि ही आपल्या दृष्टीने फार मोठी सोय आहे, कारण एकदा साखळी तुटली की पुढच्या वर्षापर्यंत उसंत मिळते.

वळवाचा पहिला चांगला पाऊस पडला की, म्हणजे एप्रिल अखेरपासून जूनपर्यंत केव्हाही, जमिनीत दडून बसलेले तपकिरी भुंगेरे तिन्हीसांजेला बाहेर पडतात, कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात, पाने खातात, मीलन करतात आणि पहाटेपूर्वी पुन्हा मातीत शिरतात. मादी सुमारे चार इंच खोलीवर एकेक अंडे सुटे घालते. दहा-पंधरा दिवसांत अंडी फुटतात. बारीक अळी सुरुवातीला कुजलेला पाला आणि कोवळी तंतुमुळे खाते आणि दोन वेळा कात टाकून ऑगस्टच्या सुमारास तिसऱ्या, सर्वांत खादाड अवस्थेत पोहोचते. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात लॉन पिवळे पडते ते याच अवस्थेमुळे. त्यानंतर अळी खोल जाते, फूटभर किंवा अधिक खोलीवर कोष करते, आणि कोषातून निघालेला भुंगेरा पुढच्या वळवाची वाट पाहत तिथेच बसून राहतो.

यावरून एक उपयुक्त सवय लावून घ्यावी. ज्या संध्याकाळी अंगणातल्या दिव्याभोवती पहिला भुंगेरा घिरट्या घालताना दिसेल ती तारीख खुराड्याच्या दारावर खडूने लिहून ठेवावी, कारण पुढची सगळी कामे त्या तारखेपासून मोजायची आहेत.

भुंगेरे पकडणे: पहिले तीन-चार आठवडे

एक मादी मारली तर पन्नासच्या आसपास अळ्या वाचतात, म्हणून संपूर्ण वर्षातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फलदायी काम हेच आहे. संध्याकाळी साडेसात ते नऊ या वेळेत कुंपणाजवळच्या कडुनिंबाखाली जुनी चादर किंवा ताडपत्री अंथरावी, काठीला आकडा बांधून फांद्या जोराने हलवाव्यात आणि खाली पडलेले भुंगेरे गोळा करावेत. शेतकरी ते रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकतात. कोंबड्या पाळणाऱ्याने रॉकेलच्या वाटेला जाऊ नये. साध्या पाण्याच्या झाकणबंद बादलीत भुंगेरे रात्रभर ठेवले तरी पुरते, आणि सकाळी तेच कोंबड्यांना घालता येतात. मात्र शेजारच्या शेतकऱ्याने आपल्या झाडांवर कीटकनाशक फवारले असेल तर त्या झाडावरचे भुंगेरे खाऊ घालू नयेत. याची चौकशी आधी करावी, नंतर नव्हे.

प्रकाश सापळा लावायचा असेल तर तो लॉनपासून दूर, कुंपणाकडेला लावावा आणि नऊच्या सुमारास बंद करावा, कारण रात्रभर जळणाऱ्या दिव्यावर उपयोगी कीटकही मरतात. त्याच न्यायाने लॉनच्या मधोमध लावलेले शोभेचे दिवे या महिन्यात बंद ठेवणे शहाणपणाचे असते. आपणच पाहुण्यांना दिवा दाखवून घरात घ्यावे आणि मग तक्रार करावी, असा हा प्रकार होतो. कच्चे शेणखतही या दिवसांत लॉनवर पसरू नये, कारण त्यावर कोवळ्या अळ्यांचे पोट भरते. पूर्ण कुजलेले खत चालते.

जैविक उपाय: जुलै

दारावर लिहिलेल्या तारखेपासून पाच-सहा आठवडे झाले की मातीत बारीक अळ्या असतात, माती ओली असते आणि ऊन कमी असते. कोंबड्यांना न बाधणारे दोन उपाय या काळात उत्तम चालतात.

पहिला मेटारायझियम अ‍ॅनिसोप्ली ही बुरशी. रशियन शास्त्रज्ञ मेचनिकोव्ह याने 1879 मध्ये ओडेसा परिसरात गव्हावरच्या भुंगेऱ्याच्या अळ्यांवर हिचा अभ्यास केला आणि त्या भुंगेऱ्यावरूनच हिला नाव मिळाले, म्हणजे हुमणीच्या भाऊबंदांशी हिचे वैर जुने आहे. बुरशीचे बीजाणू अळीच्या कातडीवर रुजतात, आत शिरतात आणि अळी मेल्यावर तिच्यावर हिरवट भुकटी दिसते. परिणाम दिसायला दोन आठवडे किंवा अधिक लागतात, आणि या संथपणामुळेच पुष्कळ जण अर्ध्यावर धीर सोडून रासायनिक औषधाकडे वळतात. पाकिटावर मात्रा एकरी दिलेली असते. एकराचे चाळीस गुंठे, आणि एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. तेव्हा तुमचे लॉन गुंठाभर असेल तर एकरी मात्रेचा चाळिसावा भाग घ्यावा, तो चाळलेल्या, कुजलेल्या, किंचित ओलसर शेणखतात कालवून सावलीत आठवडाभर झाकून ठेवावा आणि मग संध्याकाळी लॉनवर सारखा पसरून पाणी द्यावे. त्या काळात लॉनवर बुरशीनाशक मारू नये, नाही तर आपणच घातलेली बुरशी आपणच मारू.

दुसरा उपाय म्हणजे हेटेरोरॅब्डिटिस इंडिका हे कीटकभक्षी सूत्रकृमी. बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने त्यांची पाण्यात मिसळणारी भुकटी विकसित केली आहे. डोळ्यांना न दिसणारे हे सूत्रकृमी अळीच्या शरीरात शिरून आपल्यासोबतचे जिवाणू सोडतात आणि अळी एक-दोन दिवसांत मरते. मेलेली अळी विटकरी रंगाची होते, त्यामुळे उपाय लागू पडला की नाही हे खणून पाहता येते. हे सूत्रकृमी जिवंत असतात, ही गोष्ट विकत घेताना आणि वापरताना क्षणभरही विसरू नये. उन्हात ठेवलेले पाकीट म्हणजे मेलेले औषध. ऊन उतरल्यावर, आधी भिजवलेल्या जमिनीवर, पंपाच्या नोझलची बारीक जाळी काढून फवारावे आणि लगेच पुन्हा हलके पाणी द्यावे, म्हणजे ते मुळांपर्यंत उतरतात. कालवलेले द्रावण दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवू नये.

बुरशी आणि सूत्रकृमी दोन्ही कोंबडीला बाधत नाहीत. तरीही पहिले दोन-तीन आठवडे कोंबड्यांना त्या जागी सोडू नये, कारण त्या उकरून माती उन्हाला उघडी पाडतात आणि केलेले काम वाया जाते.

कोंबड्यांना कामाला लावणे: ऑगस्ट ते ऑक्टोबर

कोंबड्या लॉनवर मोकळ्या सोडल्या की हुमणी संपेल, ही समजूत सर्वत्र आहे आणि ती चुकीची आहे. घट्ट विणलेल्या हरळीवर कोंबडी फार तर इंच-दीड इंच उकरते, तर या दिवसांत अळी दोन ते सहा इंचांवर असते. म्हणजे कोंबडी गवत उपटते आणि अळी खाली सुखरूप राहते. माझ्या पहिल्या वर्षी सहा कोंबड्यांनी एका दुपारी खाटेएवढी चांगली हिरवळ उखडून टाकली होती, आणि तिच्याखाली खणल्यावर सगळ्या अळ्या जागच्या जागी होत्या. अळी वर आणण्याचे काम माणसाचे, खाण्याचे काम कोंबडीचे.

त्यासाठी एक फिरता पिंजरा हवा. बांबूची किंवा हलक्या लोखंडी पट्टीची सहा फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट उंच चौकट करून तिला चारही बाजूंनी आणि वरून जाळी लावावी. तळ उघडा ठेवावा. वरची जाळी वगळू नये, कारण उघड्या लॉनवर शिकरा आणि घार यांना कोंबडी, विशेषतः तलंग (अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी), लगेच दिसते, आणि मुंगूस तर दिवसाढवळ्या येतो. अर्ध्या भागावर पोत्याची सावली करावी आणि पाण्याचे भांडे आत ठेवावे. एवढ्या पिंजऱ्यात चार कोंबड्या तासभर सुखाने राहतात.

कामाचा क्रम असा. आदल्या संध्याकाळी बाधित पट्ट्याला भरपूर पाणी द्यावे, म्हणजे माती मऊ होते आणि अळ्या थोड्या वर सरकतात. सकाळी कोंबड्यांना दाणे घालण्यापूर्वी गवताची चकती कुदळीने पट्ट्यापट्ट्यांत कापून सतरंजीसारखी गुंडाळून बाजूला ठेवावी, मुळांशी चिकटलेल्या अळ्या तिथेच झटकाव्यात आणि उघड्या मातीवर पिंजरा ठेवून भुकेल्या कोंबड्या आत सोडाव्यात. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या अळ्या संपतात. मग पिंजरा थोडा सरकवून ती जागा खुरप्याने सहा इंचांपर्यंत उलटवावी आणि कोंबड्यांना दुसरी फेरी द्यावी. या दुसऱ्या फेरीतच खरी मोठी अळी सापडते, म्हणून कंटाळा करून ती टाळू नये. एकूण चाळीस-पन्नास मिनिटांत एक जागा होते. साळुंक्या, कावळे आणि बगळे आयते येतात, त्यांना हाकलू नये. मात्र कोंबड्यांच्या दाण्यांवर आणि पाण्यावर त्यांची गर्दी होऊ देऊ नये, कारण रानपाखरांकडून रोग येतात.

हुमणीत प्रथिने भरपूर असली तरी तेवढ्यावर अंडी देणाऱ्या कोंबडीचे भागत नाही, तेव्हा काम संपल्यावर नेहमीचे खाद्य आणि शिंपल्यांचा चुरा द्यावाच. उपटलेले लांब गवत पिंजऱ्यात पडू देऊ नये. ते गिळले तर गळ्याखालच्या अन्नपिशवीत गोळा होऊन अडकते. संध्याकाळी भरलेली ही पिशवी सकाळी रिकामी आणि मऊ लागली पाहिजे, ती कडक लागली तर त्या कोंबडीला वेगळे करून पशुवैद्यकाला दाखवावे. भुंगेरे आणि गांडुळे यांच्यातून कोंबडीच्या पोटात पट्टकृमी व गोलकृमी जाऊ शकतात, म्हणून या हंगामानंतर विष्ठा तपासून जंताचे औषध द्यावे, आणि त्या औषधानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत हे त्याच वेळी विचारून घ्यावे.

ऑक्टोबर सरला की थांबावे. अळी खोल गेलेली असते, आणि त्यानंतरची खोदाई म्हणजे लॉनचे आणखी नुकसान.

रासायनिक औषधाबद्दल स्पष्टपणे

हुमणीसाठी वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या फोरेट या दाणेदार औषधावर भारतात 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे. एखाद्या गोठ्यात किंवा माळ्याच्या खोलीत जुनी पिशवी पडलेली असू शकते, म्हणून हे नाव ओळखीचे असू द्यावे. दाणेदार औषध कोंबडीला दुप्पट धोक्याचे असते. दात नसल्यामुळे ती खडे गिळते आणि पोटातल्या पेट्यात त्या खड्यांनी धान्य दळते. औषधाचा दाणा तिला खडाच वाटतो. शिवाय विषाने अर्धमेली झालेली अळी वर येऊन वळवळते आणि कोंबडी आधी तीच उचलते.

हल्ली फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड यांचे मिश्रण हुमणीसाठी सर्रास सुचवले जाते. उसाच्या शेतात त्याला जागा असेल, कोंबड्यांच्या अंगणात नाही. फिप्रोनिल तितर आणि लावा यांच्या कुळातील पक्ष्यांना फार विषारी आहे, बदकाला त्या मानाने पुष्कळ कमी. आणि कोंबडी तितराच्या गोतातली. ते चरबीत साठते आणि अंड्याच्या बलकात उतरते. 2017 मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये कोंबड्यांवरच्या रक्त पिणाऱ्या लाल माइट किडीसाठी बेकायदा वापरलेले फिप्रोनिल अंड्यांत सापडले आणि लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग पाहून समाधान मानू नये. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग प्रयोगशाळेतल्या सस्तन प्राण्यांवरच्या विषारीपणावरून ठरतात, त्यांत पक्ष्यांचा हिशेब नसतो.

औषध आधीच टाकले गेले असेल, किंवा माळ्याने न विचारता टाकले असेल (माझ्याकडे एकदा तसेच झाले होते), तर कोंबड्या त्याच क्षणी बंद कराव्यात, औषधाचे नाव आणि टाकल्याची तारीख लिहावी आणि ते लॉन त्या हंगामापुरते कोंबड्यांना वर्ज्य समजावे. फवारा वाळला म्हणजे धोका टळला असे होत नाही. त्या लॉनचे कापलेले गवतही त्यांना घालू नये. कोंबडीच्या तोंडातून लाळ गळणे, मान लुळी पडणे, पाय ताठ होणे, धाप लागणे, यांपैकी काही दिसले तर घरगुती उपाय करत न बसता कोंबडी आणि औषधाचे वेष्टन दोन्ही घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. औषध कोणत्या गटातले आहे यावर उतारा ठरतो. त्या काळातली अंडी खाऊ नयेत आणि विकू तर मुळीच नयेत.

लॉन पुन्हा उभे करणे

कोंबड्यांचे काम झालेल्या जागी माती दाताळ्याने सपाट करावी, खालच्या थरात गुंठ्याला पाच-सहा किलो या हिशेबाने निंबोळी पेंड मिसळावी, जिवंत मुळे असलेली गवताची चकती पुन्हा अंथरून पायाने दाबावी आणि पाणी द्यावे. मुळेच उरली नसतील तर ती चकती कंपोस्टमध्ये टाकून हरळीचे नवे धुमारे चार-चार इंचांवर लावावेत. कोंबडखताचा मोह इथे आवरावा. ताजी विष्ठा गवत जाळते; ती वाळक्या पानांबरोबर तीन-चार महिने कुजवूनच वापरावी.

नवी हरळी रुजेपर्यंत, साधारण तीन ते चार आठवडे, कोंबड्या बाहेर ठेवाव्यात. मुदत संपली म्हणून लगेच त्यांना सोडू नये. गवताची मूठ पकडून वर ओढून पाहावी. ते ताणून धरले तर पिंजरा उघडावा, आणि सहज उपटून हातात आले तर आणखी आठवडाभर थांबावे.